कूलर थांबला, तरी बिल का उतरेना?

जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा घरोघरी कूलर घरघरत असतात. दिवाळी उलटली की कूलर बंद होतो, पंखाही थांबतो. न्हाणीघरातला गिझर मात्र सुरू होतो. मग विजेचे बिल अपेक्षेइतके उतरत नाही, याचे पुष्कळांना नवल वाटते. मित्रांनो, आपण हिशेबच मांडू.

एका अंघोळीला २० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आहे. एक किलोग्रॅम पाणी एका अंशाने तापायला ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे २० × ४.२ × २० = १६८० किलोज्यूल. (कढत पाण्यात गार पाणी मिसळले तरी हिशेब तोच!) विजेचे एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. तेव्हा एका अंघोळीला जवळजवळ अर्धे युनिट, चौघांना सुमारे दोन. तेवढ्या विजेवर २०० वॅटचा कूलर नऊ तास चालतो.

असे का? गिझरला सारी उष्णता विजेपासूनच निर्माण करावी लागते. कूलरमध्ये वीज फक्त पंखा आणि पंप फिरवते. खरे काम बाष्पीभवन करते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, ती हवेतून. खानदेशची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून हे साधते. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर फारसा उपयोगी पडत नाही.

गिझर दिवसभर चालू ठेवणे मात्र वेडेपणाचे. टाकीतून उष्णता सतत बाहेर झिरपते आणि ती भरून काढायला पुन्हा वीज जळते. २००० वॅटच्या गिझरला वरच्या हिशेबाने १४ मिनिटे पुरतात. तुमच्या गिझरवरचा वॅटचा आकडा पाहा, वेळ काढा आणि घड्याळ लावून पडताळा.