‘त्या नाहीत का आज?’

अगं, आधी चहा घे. परवा रात्री शेवटच्या कर्जत लोकलने उतरून तू भिसेगावच्या रस्त्याला लागलीस, तेव्हाच तुझ्या चालण्यावरून मी ओळखलं होतं, काहीतरी बिनसलंय. मुद्दाम विचारलं नाही. अपरात्री विचारलं असतं तर तू रडली असतीस, आणि आईला वाटलं असतं की नाटक सोडून द्यायला हे निमित्त बरं मिळालं.

आज ओट्यावर आपण दोघीच आहोत, तर सांगते. तुझं काही चुकलं नाही, असलं गुळमुळीत मी बोलणार नाही. दुसऱ्या अंकात तुझा सूर लागला नाही हे तूच सांगितलंस, म्हणजे नसेलच लागला. पण मागाहून तू रडलीस ती त्या सुरासाठी नाही. रडलीस ती नाटक सुरू व्हायच्या आधी आलेल्या त्या आवाजासाठी.

मला तो आवाज माहीत आहे. पडद्याआडून घोषणा होते, ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे आजच्या प्रयोगात सुभद्रेची भूमिका...’ आणि पुढचं नाव ऐकायच्या आतच सगळं सभागृह एकदम श्वास सोडतं. खाडखाड खुर्च्या मिटतात. कुणीतरी बाल्कनीतून विचारतं, ‘त्या नाहीत का आज?’ आणि तू विंगेत उभी. नऊवारी नेसवलेली, चोळी मोठ्या बाईंच्या मापाची म्हणून पाठीवर सेफ्टी पिनांची रांग, आणि तिसरी घंटा व्हायची आहे.

आता तुला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगते. तो श्वास मीही सोडला आहे.

तू तेव्हा शाळेत होतीस. कल्याणला एका संगीत नाटकाचा प्रयोग लागला होता. महिनाभर आधीपासून ठरवलेलं. दुपारची लोकल धरली. भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी करत तासाभराने कल्याण. रिक्षा करून थिएटरवर पोचते, तर बुकिंगच्या खिडकीपाशी खडूने लिहिलेला फळा. जिच्यासाठी गेले होते ती बाई येणार नव्हती. मी त्या खिडकीतल्या माणसाशी भांडले गं! ‘आधी कळवता येत नाही का, आम्ही कर्जतहून येतो,’ असं मोठ्याने. तो बिचारा म्हणाला, पैसे परत देतो. पण पैसे घेऊन करू काय? दिवस तर गेलाच होता. बसले.

आणि मग तीन तास मी काय केलं, माहीत आहे? त्या नव्या मुलीचं एक पद धड ऐकलं नाही. ती गात होती आणि मी मनातल्या मनात न आलेल्या बाईला ऐकत होते. इथे तिने अशी तान घेतली असती, इथे ती थांबली असती. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, काही राम नव्हता. पुढे कितीतरी दिवसांनी कुणीतरी सहज विचारलं, कशी गायली गं ती? मला उत्तरच देता येईना. त्या मुलीचा आवाज पातळ होता की जाड, एवढंही आठवेना.

म्हणून म्हणते, त्या श्वासात तू नव्हतीस. त्यात तिकिटाचे पैसे होते, शेजारणीकडे ठेवून आलेली पोरं होती, परतीच्या गाडीची धास्ती होती. हा हिशेब तू रंगमंचावर पाऊल टाकायच्या आधीच झालेला असतो. तो तुझ्या गळ्यावरचा निकाल नव्हे. पण खोटाही नव्हे. लोकांनी नावासाठीच पैसे मोजलेले असतात. संगीत नाटकात तर जास्तच. गद्य नाटकात माणूस गोष्ट बघायला येतो. संगीत नाटकात गोष्ट पाठ असते, अर्जुन-सुभद्रेचं लग्न होणार हे ‘सौभद्र’ आलं त्या १८८२ सालापासून सगळ्यांना ठाऊक आहे. लोक येतात ते एका ठरावीक गळ्यातून ती पदं ऐकायला. तो गळाच नसेल तर त्यांनी हळहळायचंही नाही?

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. नट गैरहजर राहणं हे आपण पापच मानत आलो. १२ मार्च १९११ ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. त्यांनी प्रयोग केला, भामिनी उभी केली. विठाबाई नारायणगावकरांचं तर तुला माहीतच आहे, फडाच्या मागे बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, असं सांगतात. हे किस्से आपण इतक्या कौतुकाने सांगतो की साधा ताप आला म्हणून घरी राहिलेली नटी आपल्याला नाजूक वाटायला लागते. मला विचारशील तर, ज्या दिवशी लेकरू गेलं त्या दिवशी बापाने घरी बसायला हवं होतं. लोक थांबले असते. (हे आपल्या अण्णांसमोर बोलू नकोस, गंधर्वांबद्दल त्यांना ऐकवत नाही.) तुझ्या त्या मोठ्या बाईंचाही घसा सुजला होता ना? सुजलेल्या घशाने तीन अंक गाऊन गळा कायमचा बसवून घेण्यापेक्षा त्या घरी राहिल्या हे शहाणपणाचं केलं. मेकअपच्या खोलीत त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर तू हो ला हो करू नकोस.

लोक तुला धीर द्यायला गोष्टी सांगतील. लता मंगेशकरांची सांगतील. ती खरीच आहे, त्यांनी स्वतः सांगितलेली. मास्टर दीनानाथांच्या कंपनीत ‘सौभद्र’ होतं, नारद करणारा नट आला नाही, आणि लहानगी लता म्हणाली, मी करते, मला पदं पाठ आहेत. वडील अर्जुन, लेक नारद, आणि तिने वन्समोर घेतला. गोड गोष्ट आहे. पण लहान मुलाला प्रेक्षक आधीच माफ करून बसलेला असतो. पंचविशीच्या बाईला नाही करत. कुणी अमेरिकेची सांगेल, १९५४ साली ‘द पजामा गेम’मध्ये कॅरल हेनीच्या घोट्याला दुखापत झाली, शर्ली मॅक्लेन तिच्या जागी उभी राहिली आणि प्रेक्षकांत बसलेल्या एका निर्मात्याने तिला थेट सिनेमात नेलं. तेही खरं. पण तिथे रोज कुणी ना कुणी रिप्लेसमेंट करतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरसमध्ये उभं राहतं. त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

आपल्याकडेही तसंच. पहिली सुभद्रा गाजवली ती भाऊराव कोल्हटकरांनी. ते १९०१ मध्ये गेले. नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत आले १९०५ मध्ये. मधली चार वर्षं कंपनी काही कुलूप लावून बसली नव्हती, पदं कुणीतरी गातच होतं, आणि समोर बसलेला प्रत्येक जण मनात भाऊरावांना ऐकत असणार, मी कल्याणला ऐकत होते तसा. त्या मधल्या लोकांनी गाडी ओढली म्हणून नारायणाला चढायला गाडी होती. आपल्या कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला मागून इंजिनं जोडतात, बघतेस ना रोज? प्रवासी तेवढ्यात वडे घेण्यात गुंग. लोणावळ्याला ती सुटतात तेव्हाही कुणी खिडकीतून बघत नाही.

बरं, कामाचं बोलू.

मॅनेजरला स्पष्ट सांग, की बाई येणार नाहीत हे दुपारी कळलं तर दुपारीच बुकिंगच्या खिडकीवर पाटी लागली पाहिजे, आणि ज्याला पैसे परत हवेत त्याला हसून परत. ब्रॉडवेवर ज्याचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलेलं असतं तो आला नाही, तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, आणि बाकीच्या बदलांची चिठ्ठी कार्यक्रमपत्रिकेत घालून देतात. आपल्याकडे मात्र बऱ्याचदा तिसऱ्या घंटेपर्यंत गुपचूप बसायचं आणि मग अंधारात सांगायचं. अंधारात सांगितलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि तो राग तुझ्यावर निघतो. खिडकीवर वाचून आत आलेला माणूस तुला ऐकायला आलेला असतो, निदान अर्धा तरी. घोषणेतही ‘ऐनवेळी’, ‘सांभाळून घ्या’ असलं काही नको. तुझं पूर्ण नाव आणि भूमिकेचं नाव, बस्स.

खरं तर एकीचा घसा सुजेपर्यंत थांबायचंच कशाला? २०१६ मध्ये मुंबईत ‘मुघल-ए-आझम’चं संगीत नाटक आलं, त्यात अनारकली दोघी करत, आपली प्रियांका बर्वे आणि नेहा सरगम. आलटून पालटून. म्हणजे कुणी कुणाची जागा भरतंय असं वाटायला वावच नाही. तुमच्या निर्मात्याला हे एकदा सुचवून बघ. खर्चाचं नाव काढील, काढू दे.

दुसरं, पट्टी. मला सर्वांत राग आला तो याचा. मोठ्या बाई गातात काळी पाचमध्ये, तू काळी तीनची. आणि ऐनवेळी पेटीवाल्याने सांगितलं, तबला काळी पाचचाच आणलाय, तूच ओढून घे. तू ओढलंस आणि दुसऱ्या अंकात वरचा षड्ज फाटला. फाटणारच! काळी पाचचा तबला काळी तीनवर उतरवता येत नाही, उतरवला तर भदभद वाजतो. दुसरा तबला गाडीत टाकायला किती जागा लागते? शनिवारच्या प्रयोगाआधी तबलजींना तू स्वतः फोन कर. मॅनेजरच्या भरवशावर राहू नकोस. आणि चोळी तुझ्या मापाची शिवून घे, मी देते पैसे.

तिसरं थोडं नाजूक आहे. तू त्यांची नक्कल करतेस. रागावू नकोस. तू गेल्या वर्षी गणपतीत देवळात गायलीस तेव्हा शब्द आधी यायचे, तान मागून. आता तू त्यांच्यासारखी तान आधी फेकतेस, कारण लोकांना ती हवी आहे असं तुला वाटतं. त्यांची तान त्यांच्या गळ्यात तीस वर्षं मुरली आहे. तुझ्या गळ्यात ती उसनी वाटते, आणि प्रेक्षक आधीच तुलना करायला टपलेला. पहिलं पद लहान ठेव. आळवू नकोस. दोन आवर्तनं सरळ गा, शब्द कळू देत. लोकांना पहिली दहा मिनिटं तुझा चेहरा बघायलाच लागतात, कान मागून येतात. ते आले की मग घे काय जागा घ्यायच्या त्या.

आणि वन्समोर आला नाही तर नाही आला. परवा कृष्णाला दोनदा मिळाला आणि तुला एकदाही नाही, हे तू तीन वेळा सांगितलंस मला. मोजू नकोस.

शेवटी माफीबिफी मागायची नाही. परवा पडदा पडल्यावर तू हात जोडून पुढे येऊन काहीतरी पुटपुटलीस म्हणे, ‘त्यांची सर नाही, पण...’ अगं, ज्या चार माणसांना तुझं गाणं आवडलं असेल त्यांना तू वेड्यात काढलंस की! नमस्कार कर आणि मागे हो.

शनिवारी कल्याणचाच प्रयोग आहे ना? मी काल गेले होते बदलापूरला मावशीकडे, तशीच पुढे कल्याणला जाऊन प्लॅन बघून आले. खिडकीतला मुलगा म्हणाला, ‘ताई, त्या नाहीत हं, दुसऱ्या आहेत.’ पाटी लागली आहे, तुझं नाव बरोबर लिहिलंय, फक्त आडनावात वेलांटी चुकली आहे, ती मी त्याला दुरुस्त करायला लावली. सहावी रांग, कडेच्या दोन खुर्च्या, मी आणि आई. डबा आम्ही आणतो, तू गरम पाण्याचा थर्मास विसरू नकोस. परत येताना एकाच डब्यात बसू.