नुक्त्यामुळे फुटलेले खाते

उधारीची वही संगणकावर ठेवणाऱ्या व्यापारी बांधवांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘ज़रीना’तला ‘ज़’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘ज’ आणि नुक्ता असे दोन तुकडे करून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधात मात्र जुळत नाहीत, आणि एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती होतात. शिवाय नमुना देऊन शोधण्याच्या रीतीत, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, ‘क ते ह’ एवढेच लिहिले तर नुक्ता व काना-मात्रा बाहेर राहतात. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याला आम्ही सुचवतो: नावे आणि शोधायचा शब्द आधी ‘एनएफसी’ या एकाच रूपात आणावेत, मग नमुन्यात अक्षरे व चिन्हे हे दोन्ही वर्ग घ्यावेत. हिशेब ही अमानत आहे. नुक्त्याएवढीही चूक त्यात नसावी.