लेखाचें रूपांतर : ‘पॅनडॉक’ या साधनाचा परिचय

कागदावर लिहिलेला निबंध ज्याच्या हातीं पडेल त्यास वाचतां येतो. संगणकावर लिहिलेल्या निबंधाचें तसें नाहीं. तो कोणत्या तरी एका विशिष्ट रचनेंत सांठविलेला असतो, आणि ती रचना जाणणारा प्रोग्रॅम जवळ नसेल तर अक्षरें समोर असूनहि तीं उलगडत नाहींत. शिवाय प्रत्येकाची मागणी निराळी. शिक्षक ‘वर्ड’ची फाइल मागतात, छापखाना पीडीएफ मागतो, आणि संकेतस्थळास एचटीएमएल लागतें. मग तोच मजकूर एकीकडून उचलून दुसरीकडे डकवावा लागतो व मथळे, टीपा, तक्ते विसकटून जातात. या निष्फळ श्रमांवर उपाय कोणता, आणि तो कोठवर पुरतो, एवढेंच या पाठांत पाहावयाचें आहे.

१. खुणांची भाषा

पूर्वी हस्तलिखित छापखान्यांत धाडण्यापूर्वी संपादक त्यावर खुणा करीत असे : हा मथळा, हा शब्द तिरप्या ठशांत, येथें नवा परिच्छेद. या खुणा जुळाऱ्यासाठीं असत. वाचकाच्या दृष्टीस त्या पडत नसत. ‘मार्कअप’ हा शब्द याच खुणा करण्याच्या रीतीवरून आला.

संगणकावर या रीतीस शास्त्रशुद्ध रूप देण्याचें काम आय. बी. एम. मध्यें चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनीं १९६९ साली हातीं घेतलें. त्यांतून पुढें निघालेली ‘एसजीएमएल’ ही भाषा १९८६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. टिम बर्नर्स-ली यांनीं वेबसाठीं रचलेली एचटीएमएल ही तिच्याच वळणावर गेलेली आहे. दुसरीकडे डोनाल्ड कनूथ यांनीं गणिताचे ग्रंथ सुबक छापतां यावे म्हणून ‘टेक’ ही पद्धति निर्माण केली, व तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं ‘लाटेक’ उभारली. २००४ साली जॉन ग्रूबर यांनीं ‘मार्कडाउन’ प्रसिद्ध केली. तिच्या खुणा इतक्या साध्या आहेत कीं, त्यांसकट मजकूर वाचला तरी डोळ्यांस खटकत नाहीं. उदाहरण पाहा :

# आमची नदी

पावसाळ्यांत नदी *दुथडी* भरते. तिच्या कांठीं हीं झाडें आहेत :

- वड
- करंज
- जांभूळ

येथें # या चिन्हानें मथळा, दोन तारकांमध्यें ठेवल्यानें जोर द्यावयाचा शब्द, व आडव्या रेघेनें यादीतील एकेक बाब दर्शविली आहे. मथळ्यानंतर व यादीपूर्वी एक ओळ कोरी सोडली आहे, ती उगीच नव्हे. ती न सोडल्यास वड, करंज व जांभूळ हीं यादी न होतां वरच्या वाक्यांतच मिसळून जातात. हाच मथळा एचटीएमएल मध्यें कोनी कंसांतील खुणांच्या मध्यें बसवितात, तर लाटेकमध्यें उलट्या तिरप्या रेघेपुढें ‘सेक्शन’ हा शब्द लिहून महिरपी कंसांत घालतात. तिन्ही ठिकाणीं खुणा वेगळ्या, परंतु अर्थ एकच : ‘हा मथळा आहे.’

२. पॅनडॉकची युक्ति

अर्थ एकच असल्यामुळें एका खुणेच्या जागीं दुसरी घालण्याचें काम यंत्राकडे सोंपवितां येतें. ‘पॅनडॉक’ हें त्यासाठींच केलेलें साधन होय. याचे कर्ते जॉन मॅकफार्लेन हे कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कली येथें, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. २००६ साली त्यांनीं तें प्रथम प्रसिद्ध केलें. तें हॅस्केल नांवाच्या संगणकभाषेंत लिहिलेलें असून कोणासहि विनामूल्य घेतां येतें, व त्याची घडणहि उघडून पाहतां येते.

त्यांतील मुख्य युक्ति थोड्या गणितानें समजेल. समजा, दहा रचना आहेत. प्रत्येकीपासून इतर नऊंत जावयाचें, तर १० × ९ म्हणजे ९० निरनिराळे दुभाषे लागतील. पॅनडॉक असें करीत नाहीं. त्याचा एक भाग मूळ लेख वाचून त्याचा एक वृक्ष तयार करितो : खोड म्हणजे संपूर्ण लेख, त्यास मथळे, परिच्छेद, याद्या, तक्ते या फांद्या, आणि शेवटीं शब्द हीं पानें. या वृक्षांत कोणत्याहि रचनेच्या खुणा नसतात. केवळ ‘हें काय आहे’ एवढेंच नोंदलेलें असतें. दुसरा भाग तो वृक्ष पाहून इष्ट रचनेंत लेख लिहून काढितो. म्हणून दहा रचनांस १० वाचणारे व १० लिहिणारे, मिळून २० भाग पुरतात. अकरावी रचना आली तर पहिल्या रीतीनें २० नवे दुभाषे लागतील. या रीतीनें केवळ दोन.

३. आज्ञा देण्याची रीत

या साधनास चित्रें वा बटणें नाहींत. संगणकाच्या ‘टर्मिनल’मध्यें एक ओळ लिहून आज्ञा द्यावयाची असते. प्रत्यक्षांत ही ओळ रोमन अक्षरांत लिहितात. येथें ती नागरींत उतरवून देतों :

पॅनडॉक निबंध.एमडी -ओ निबंध.डॉकएक्स

‘ओ’ हें अक्षर ‘आउटपुट’चें. ‘निबंध नांवाची मार्कडाउन फाइल घे व तिची वर्डची फाइल करून दे,’ असा या ओळीचा अर्थ. रचना कोणती हें पॅनडॉक फाइलच्या शेवटच्या अक्षरांवरून ओळखतो. स्पष्ट सांगावयाचें झाल्यास -एफ पुढें मूळ रचना व -टी पुढें इष्ट रचना लिहावी. पूर्ण वेबपान हवें असल्यास -एस हें चिन्ह जोडावें; न जोडल्यास एचटीएमएल चा केवळ आंतला भाग मिळतो, त्यास शिरोभाग नसतो.

एक ओळ लिहिणें नवख्यास अवघड वाटतें, परंतु तिचा लाभ मोठा आहे. ती वहींत टिपून ठेवितां येते, मित्रास जशीच्या तशी देतां येते, आणि शंभर फाइली असल्या तरी तीच आज्ञा क्रमानें सर्वांवर चालवितां येते.

४. मराठी लेखांविषयीं सावधगिरी

पॅनडॉक मजकूर युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतींतच वाचतो व लिहितो. १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस स्थान मिळालें होतें. त्यामुळें युनिकोडमध्यें लिहिलेला मराठी लेख निर्वेध रूपांतरित होतो. परंतु युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी बनलेल्या पुष्कळ मराठी फॉण्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकावर नागरी अक्षरांचीं चित्रें बसविलेलीं असत. अशी फाइल पडद्यावर मराठी दिसते, पण तिच्या पोटांत रोमन अक्षरांचा गोंधळ असतो, व रूपांतरानंतर तोच उघडा पडतो. अशा लेखांस प्रथम त्या त्या फॉण्टासाठीं केलेल्या निराळ्या साधनानें युनिकोडमध्यें आणावें. ज्या घरांत आजोबांच्या आठवणी वा कुळाचा वृत्तांत अशा फॉण्टांत टंकलेला असेल, त्यांनीं हें काम लांबणीवर टाकूं नये. तो फॉण्ट नाहींसा झाल्यावर अक्षरें ओळखणें दुरापास्त होतें.

पीडीएफ करितांना पॅनडॉक सामान्यतः लाटेकची मदत घेतो. त्यांतील नेहमींचें यंत्र देवनागरी अक्षर येतांच अडतें. तेव्हां ‘झीलाटेक’ किंवा ‘लुआलाटेक’ हें यंत्र निवडावें आणि ‘नोटो सेरिफ देवनागरी’सारख्या नागरी फॉण्टाचें नांव सांगावें.

५. काय टिकतें व काय गळतें

मथळे, परिच्छेद, याद्या, दुवे, चित्रें, तळटीपा हें बहुधा सुखरूप पोंचतें. समास, अक्षरांचा आकार, रंग, पानावरील मांडणी हें बहुधा गळतें. कारण तें वृक्षांत नसतेंच. पीडीएफ तर पॅनडॉक तयार करवितो, पण वाचीत नाहीं. पीडीएफ मध्यें प्रामुख्यानें कोणतें अक्षर पानावर कोठें उमटावें हें नोंदलेलें असतें. तें मथळ्याचें आहे कीं टीपेचें, ही माहिती पुष्कळदां नसतेच.

ही हानि आपल्या लोकांस नवी नाहीं. मराठी मुलखांत मोडी व बाळबोध अशा दोन लिपी शेजारीं शेजारीं नांदत होत्या. मोडींत ऱ्हस्व व दीर्घ यांचा भेद व्यवहारांत पाळीत नसत. बाळबोध लेख मोडींत उतरविला आणि ती प्रत पाहून पुन्हां बाळबोध केला, तर मूळ शब्द ‘दिन’ होता कीं ‘दीन’, हें अक्षरावरून कळत नसे. लेखनिकास संदर्भावरून ठरवावें लागे. जें मधल्या रूपांत मावलें नाहीं, तें परत येतांना मिळत नाहीं. म्हणून रूपांतर केल्यावर मूळ फाइल कधींहि पुसूं नये, आणि नवी प्रत ओळीनें ताडून पाहिल्यावांचून कोणास देऊं नये.

यावरून सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो : वस्तु कशी दिसावी हें पुढें ठरवावें, ती काय आहे हें आधीं सांगावें. पुष्कळ विद्यार्थी वर्डमध्यें ओळ ठळक व मोठी करून तीस मथळा मानतात. पॅनडॉकच्या लेखीं ती ठळक शब्दांचा परिच्छेद होय, मथळा नव्हे. वर्डमधील ‘हेडिंग’ ही शैली लावली तरच तो तिला मथळा समजतो. आणि यंत्राचेंच कशाला? अंध वाचक पडदा-वाचक प्रोग्रॅमच्या साहाय्यानें पुस्तक ऐकतो, तेव्हां एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो. खोट्या मथळ्यांचा लेख त्यास दारें नसलेल्या वाड्यासारखा आहे. आपण नीट खूण केली तर त्याच एका लेखाचें वेबपान होतें, ईपब पुस्तक होतें, छापील पान होतें, आणि ज्यास डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं त्यासहि तो सुलभ होतो.

पालकांसहि विनंती आहे कीं, मुलांचें लेखन केवळ सुंदर दिसतें कीं नाहीं एवढेंच न पाहतां तें दहा वर्षांनीं उघडेल कीं नाहीं, हेंहि त्यांस विचारावें. स्वच्छ खुणांनीं युक्त असा साधा लेख प्रोग्रॅम बदलले तरी वाचतां येतो.

अभ्यासासाठीं

१. वर दिलेला ‘आमची नदी’ हा नमुना लिहून त्याचें एचटीएमएल, वर्ड व ईपब अशा तीन रूपांत रूपांतर करा. यादीपूर्वीची कोरी ओळ काढून पुन्हां करा व फरक लिहा.

२. आपला एक जुना वर्डमधील निबंध मार्कडाउनमध्यें आणा. किती मथळे # सह आले व किती केवळ ठळक शब्द म्हणून आले, तें मोजा.

३. तीच फाइल पुन्हां वर्डमध्यें न्या. मूळ प्रतीशी ताडून काय टिकलें व काय गळलें, याची दोन रकान्यांत यादी करा.