जायबंदी कर्णधार

(प्रास्ताविक : कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ. आज तो मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात खेळला जातो आणि खेळाडूंवर लाखो-कोटींची बोली लागते. पण ऐन हंगामात खेळाडू जायबंदी झाला तर काय होते? त्याचा संघ काय करतो? त्याने स्वतः काय करावे? या प्रश्नांचा विचार या पाठात केला आहे.)

मुंबईकडून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर रावेत मागे पडले, की पुनावळे लागते. एके काळचे हे शेतीचे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. शेतांच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. याच रस्त्याने ताथवडे आणि वाकड ओलांडून पुढे गेले, की मुळा नदीपलीकडे म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल येते. १९९४ साली महाराष्ट्रात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरल्या, तेव्हा हे संकुल बांधले गेले.

२९ डिसेंबर २०२४ रोजी या संकुलात प्रो कबड्डी लीगच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. हरियाणा स्टीलर्स संघाने पाटणा पायरेट्स संघाला ३२-२३ असे हरवले. मैदान पुण्याचे होते, पण पुण्याचा संघ मात्र अंतिम सामन्यात नव्हता. पुणेरी पलटण हा आदल्या हंगामाचा विजेता संघ. तरीही या वेळी त्याला पहिल्या सहा संघांतही जागा मिळाली नाही. त्याचा कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीमुळे हंगाम चालू असतानाच बाहेर पडला होता. घरच्या मैदानावर सामने आले, तेव्हा कर्णधार खेळू शकत नव्हता.

अस्लम हा श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभान या गावचा. लहानपणीच त्याचे वडील वारले. आईने कष्ट करून घर चालवले. गावच्या मातीत तो कबड्डी शिकला आणि मेहनतीच्या जोरावर पुणेरी पलटण संघात आला. चढाई करावी, तशीच वेळ आली तर पकडही करावी, असा हा दुहेरी उपयोगाचा गडी. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. तेथे भारताने इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या भारतीय संघात अस्लम होता. पुढे १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवले आणि पहिल्यांदाच लीगचे अजिंक्यपद पटकावले. ज्या वर्षी यश हाती आले, त्याच वर्षी गुडघ्याने दगा दिला.

कबड्डीत गुडघाच का दुखावतो, हे समजून घेऊ. चढाईपटूला एका चढाईसाठी ३० सेकंद मिळतात. समोर सात गडी असतात. त्यांना हुलकावणी देत त्याला पुढे धावायचे असते, एकदम थांबायचे असते, गर्रकन वळायचे असते. पकड करणारे त्याचा घोटा, मांडी किंवा कंबर धरतात. एक जण पाय धरतो, दुसरा धक्का देतो, आणि चढाईपटू तर मध्यरेषेकडे झेप घेत असतो. या ओढाताणीत सगळा भार गुडघ्यावर येतो.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे मिळतात, तेथे गुडघ्याचा सांधा असतो. ही हाडे चिवट पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेली असतात. त्या पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर एकाएकी वळले, तर अस्थिबंध ताणला जातो. कधीकधी तो तुटतोही. तो पूर्ण तुटला, तर खेळाडूला बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतर पायाची ताकद परत यायला सहसा नऊ महिने ते एक वर्ष लागते. कबड्डीचा हंगाम मात्र दोन-तीन महिन्यांतच संपतो.

असाच प्रसंग पवन सेहरावत या नामवंत चढाईपटूवरही आला होता. २०२२ च्या लिलावात तमिळ थलैवाज संघाने त्याला २ कोटी २६ लाख रुपयांना घेतले. एवढी मोठी बोली तोपर्यंत कोणावरही लागली नव्हती. पण त्या हंगामातील पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि पूर्ण हंगाम हातचा गेला. पवनने मात्र धीर सोडला नाही. त्याने उपचार घेतले, व्यायाम केला आणि वाट पाहिली. हांगचौ येथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार तोच होता. २०२३ च्या लिलावात तर त्याच्यावर २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांची बोली लागली.

इतर खेळांतही हेच दिसते. अमेरिकेतील बास्केटबॉलची व्यावसायिक स्पर्धा जगप्रसिद्ध आहे. २०२५ साली तिच्या अंतिम फेरीत इंडियाना पेसर्स आणि ओक्लाहोमा सिटी थंडर हे संघ समोरासमोर होते. सहा सामन्यांत दोघांनी तीन-तीन सामने जिंकले. इंडियानाचा आघाडीचा खेळाडू टायरीस हॅलिबर्टन याची पोटरी आधीच दुखत होती. तरीही २२ जून रोजी तो सातव्या, निर्णायक सामन्यात उतरला. सामन्याच्या पहिल्याच सत्रात त्याच्या टाचेमागील स्नायुबंध तुटला. इंडियानाने तो सामना १०३-९१ असा गमावला. हॅलिबर्टनला पुढचा २०२५-२६ चा संपूर्ण हंगाम मुकावा लागला. त्याने खेळावे की खेळू नये, यावर लोकांत मतभेद झाले. कोणी त्याच्या हिमतीला शाबासकी दिली, कोणी हळहळले. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथे खेळाडूंचे करार बहुधा अनेक वर्षांचे असतात. जायबंदी खेळाडूला त्या काळातही कराराचे पैसे सहसा मिळत राहतात.

आपल्याकडे व्यावसायिक कबड्डी अजून लहान वयाची आहे. प्रो कबड्डी लीग २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली. २०१७ मध्ये संघांची संख्या बारा झाली. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. ती राकेश कुमारवर लागली. २०२५ च्या लिलावात दहा खेळाडूंनी एक कोटीचा आकडा ओलांडला. हा बदल लहानसहान नाही. पूर्वी चांगल्या कबड्डीपटूला रेल्वे, पोलीस, बँक किंवा एखाद्या कंपनीच्या संघात नोकरी मिळाली, की तो धन्य होई. आज खेळ हाच त्याचा व्यवसाय होऊ शकतो.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. लिलावातील रक्कम ही हंगामाची असते, जन्माची नसते. पुढच्या लिलावात पुन्हा बोली लागते, आणि बोली लावणारा आधी खेळाडूची तब्येत पाहतो. शिवाय कोटीची बोली थोड्यांच्याच वाट्याला येते. लिलावात नावच न आलेले खेळाडू तर हजारो आहेत. ते गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धांत खेळतात. तेथे मैदानाशेजारी डॉक्टर असतोच असे नाही. गुडघा सुजला तर पट्टी बांधून गडी पुन्हा उतरतो. निवड समितीची नजर आपल्यावर पडेल, अशी त्याला उमेद असते. अस्लमच्या मागे संघ होता, प्रशिक्षक होते, उपचारांची सोय होती. या मुलाच्या मागे कोण असते? बहुतेक वेळा फक्त त्याचे घर. त्याचा गुडघा गेला, तर कामावर जाणारे दोन पायही जातात आणि घराचा आधार डळमळतो.

म्हणून जायबंदी खेळाडूला खेळवणे ही बहादुरी नव्हे, हे आपण सर्वांनी शिकले पाहिजे. 'थोडे दुखते आहे, चालेल,' असे खेळाडू म्हणतो. 'नाही, आज तू बस,' असे म्हणण्याचे धैर्य प्रशिक्षकाने आणि सोबत्यांनी दाखवले पाहिजे. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने बक्षिसाच्या रकमेआधी प्रथमोपचाराची सोय पाहिली पाहिजे. गुडघा किंवा घोटा मुरगळला, तर खेळ लगेच थांबवावा. कापडात गुंडाळलेला बर्फ त्यावर ठेवावा. पट्टी बांधावी, पण ती फार घट्ट नसावी. पाय उशीवर उंच ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. सुजलेला सांधा चोळू नये आणि कोणाकडून ओढूनही घेऊ नये.

कर्णधार बाहेर बसला, तेव्हा पुणेरी पलटणचे काय झाले? चढाईचा भार आकाश शिंदे, पंकज मोहिते यांसारख्या सोबत्यांवर पडला. त्यांनी प्रयत्नांची शिकस्त केली, पण त्या हंगामात यश आले नाही. तरीही संघाने अस्लमवरचा विश्वास सोडला नाही. २०२५ च्या हंगामात तो बरा होऊन परतला आणि पुन्हा कर्णधार झाला. त्या वर्षी साखळी सामन्यांत पुणेरी पलटण अव्वल ठरली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्ली येथे अंतिम सामना रंगला. दबंग दिल्ली संघाने तो ३१-२८ असा जिंकला. अवघ्या तीन गुणांनी बाजी हुकली.

अजिंक्यपद हुकले, याची हळहळ वाटणारच. पण आदल्या वर्षी जो गडी मॅटवर पाय ठेवू शकत नव्हता, तो या वर्षी आपल्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. विजेत्यांच्या यादीत या गोष्टीची नोंद होत नाही. तरी खेळाडूच्या आयुष्यात तिचे मोल मोठे असते. हंगाम येतात आणि जातात. शरीर एकच असते. त्याला जपणारा खेळाडू आणि त्याची वाट पाहणारा संघ, दोघेही खेळ जाणतात असे म्हणावे.

शब्दार्थ

जायबंदी – दुखापत झालेला, जखमी
हंगाम – मोसम, ठरावीक काळ
चढाई – प्रतिपक्षाच्या अंगणात जाऊन गडी बाद करण्याची खेळी
हुलकावणी देणे – चकवणे
नडगी – गुडघ्याखालील पायाचा पुढचा भाग
अस्थिबंध – हाडांना हाडांशी बांधणारी चिवट पट्टी
स्नायुबंध – स्नायूला हाडाशी जोडणारा दोर
लिलाव – बोली लावून केलेली विक्री किंवा निवड
डळमळणे – अस्थिर होणे
शिकस्त करणे – शक्य तेवढे सर्व प्रयत्न करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अस्लम इनामदार कोणत्या गावचा आहे?
(आ) चढाईपटूला एका चढाईसाठी किती वेळ मिळतो?
(इ) अस्थिबंध म्हणजे काय?
(ई) प्रो कबड्डी लीग कोणत्या साली सुरू झाली?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कबड्डीत गुडघ्याला दुखापत होण्याचा धोका का असतो?
(आ) हॅलिबर्टनबद्दल लोकांत मतभेद का झाले? तुमचे मत काय?
(इ) लीगमधील खेळाडू आणि गावच्या मंडळातील खेळाडू यांच्या परिस्थितीत कोणता फरक आहे?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) सुजलेला सांधा चोळू नये.
(आ) लेखक म्हणतात, जायबंदी खेळाडूला खेळवणे ही बहादुरी नव्हे.

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
दगा देणे, धीर न सोडणे, बाजी हुकणे, प्रयत्नांची शिकस्त करणे.

प्र. ५. भाषेची गंमत
(अ) मैदान, जखम, हिंमत, उमेद, मेहनत, करार हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.
(आ) काही शब्द दोन्ही भाषांत असले, तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे हार; मराठीत 'शिकस्त करणे' म्हणजे काय? उर्दूतील 'हंगामा' आणि मराठीतील 'हंगाम' यांच्या अर्थांतील फरक सांगा.

उपक्रम : शाळेच्या प्रथमोपचार पेटीत कोणकोणत्या वस्तू आहेत, ते शिक्षकांच्या मदतीने पाहा. नसलेल्या वस्तूंची यादी मराठीत लिहून क्रीडाशिक्षकांना द्या.