कृषि-संशोधनाचा खर्च आणि त्याचे सातत्य

सुधारलेले बियाणे शेतकऱ्याच्या हाती पडते, ते एका पिशवीच्या रूपाने. त्या पिशवीमागे किती वर्षांचे श्रम आणि किती खर्च आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पीक चांगले आले म्हणजे वाणाची वाहवा होते; परंतु तो वाण ज्या प्रयोगक्षेत्रावर सिद्ध झाला, ते क्षेत्र पुढील दहा वर्षे नीट चालेल किंवा नाही, हा विचार मागे पडतो. राज्यातील संशोधन कशाच्या आधारावर उभे राहते, त्याचा खर्च कोण सोसतो आणि तो अखंड का सोसावा लागतो, हे प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने जाणून घेणे अवश्य आहे.

वाण सिद्ध होण्यास लागणारा काळ

प्रथम उसाचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. सातारा जिल्ह्यात पाडेगाव येथे १९३२ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने ऊस संशोधन केंद्र उघडले. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या व्यवस्थेखाली आहे. उसाचा संकर करावयाचा तर तुरा व सक्षम बी यावयास हवे. त्यास अनुकूल हवामान तामिळनाडूतील कोइमतूर येथे लाभते. तेथे १९१२ साली ऊस पैदास संस्था स्थापन झाली. संकराचे बी तेथून आणून पाडेगावी रोपे वाढविली जातात आणि असंख्य रोपांतून मोजकी निवडली जातात.

को ८६०३२ हा वाण आज महाराष्ट्रातील ऊस बागायतदारांच्या परिचयाचा आहे. त्याच्या क्रमांकातील पहिले दोन आकडे १९८६ हे वर्ष दर्शवितात. राज्यात 'नीरा' या नावाने त्याची शिफारस झाली, ती १९९६ साली. मधल्या काळात लागण व खोडवा अशा दोन्ही पिकांत उत्पन्न, साखरेचा उतारा व रोगांना होणारा प्रतिकार पुनःपुन्हा तपासावा लागला. आडसाली लागणीचे एक पीकच सुमारे दीड वर्षाचे असते. ही परीक्षा घाईने उरकता येत नाही.

रस्त्याचे काम निधीअभावी एक वर्ष थांबले, तर पुढील वर्षी ते तेथूनच पुढे चालू करता येते. प्रयोगाचे तसे नाही. एका हंगामात पाणी किंवा मजुरी मिळाली नाही, तर निवडलेले बेणे मळ्यातच वाळून जाते आणि त्यामागील सर्व वर्षांचा खर्च वाया जातो.

मिळविलेले राखण्याचाही खर्च

एकदा चांगला वाण निघाला म्हणजे काम संपले, असेही नाही. भेंडीवरील केवडा रोगास तोंड देण्यासाठी परभणी येथील कृषि विद्यापीठाने लागवडीच्या भेंडीचा रानटी जातीशी संकर करून 'परभणी क्रांती' हा वाण काढला व तो १९८५ साली प्रसारित झाला. या वाणाने शेतकऱ्यांना मोठा आधार दिला. परंतु कालांतराने त्याची प्रतिकारशक्ती पूर्वीसारखी राहिली नाही. रोगजंतू बदलतात, किडी बदलतात, हवामानही बदलते. म्हणून संशोधनाचा बराच भाग आहे ते उत्पन्न टिकविण्यातच खर्ची पडतो. या खर्चाचे फळ डोळ्यांना दिसत नाही. तो थांबला म्हणजे मात्र तोटा सर्वांना दिसतो.

हा भार शासनाने का उचलावा?

मोहोळ येथील संशोधन केंद्रात १९३० नंतरच्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून एम ३५-१ हा वाण निवडण्यात आला. रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात तो आजही पेरला जातो. या ज्वारीची निवडक कणसे शेतकरी स्वतः राखून ठेवतो, शेजाऱ्यास पायली-दोन पायली बियाणे देतो आणि वाण गावोगाव पसरतो. बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व एकमेकांस देण्याचा हा हक्क २००१ सालच्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही मान्य केला आहे.

तथापि, अशा वाणावर केलेला खर्च विक्रीतून परत येत नाही. संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. त्यामुळे बियाण्याच्या व्यापाऱ्यास त्यात भांडवल घालणे परवडते. मालदांडीसारख्या सरळ वाणात ते परवडत नाही. लाभ लाखो घरी पोहोचतो, परंतु तो एकाच्या पेटीत गोळा होत नाही. जेथे लाभ सर्वांचा, तेथे खर्च सर्वांच्या तिजोरीतून होणे हाच न्याय होय.

निधीचे चार मार्ग

पहिला मार्ग राज्याच्या अंदाजपत्रकातील तरतुदीचा. महाराष्ट्रात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (१९७२) येथे कृषि विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचा मूळ आधार राज्याचे अनुदान हाच आहे.

दुसरा मार्ग केंद्राच्या साहाय्याचा. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पांची पद्धती १९५७ साली मका पिकापासून सुरू झाली. विद्यापीठांतील अशा प्रकल्पांसाठी केंद्राने ७५ टक्के व राज्याने २५ टक्के भार उचलावा, असे प्रमाण ठरविण्यात आले. म्हणजे राज्याने चार आणे घातले तर बारा आणे बाहेरून येतात. राज्याने हात आखडला तर केवळ चार आण्यांची बचत होत नाही. रुपयाच हातचा जातो.

तिसरा मार्ग लाभ घेणाऱ्यांच्या वाट्याचा. १९२३ सालच्या कायद्याने कापसाच्या गाठींवर अल्पसा कर बसवून त्यातून कापूस-संशोधनास पैसा पुरविला गेला. मुंबईत माटुंगा येथे १९२४ साली निघालेली कापूस तंत्रशाळा हे त्याचे फळ. मध्यवर्ती कापूस समिती १९६६ साली बंद झाली, परंतु माटुंग्याची संस्था आजही काम करीत आहे. ऊस उत्पादकांनी व सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ साली पुण्याजवळ मांजरी येथे स्वतःची संस्था उभी केली. तीच आजची वसंतदादा साखर संस्था. तिला कारखाने गाळलेल्या उसाच्या प्रमाणात वर्गणी देतात.

चौथा मार्ग केंद्रांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. पैदासकार बियाणे, फळझाडांची कलमे, माती-परीक्षण यांतून येणारा पैसा फिरत्या निधीत ठेवून पुन्हा त्याच कामी लावता येतो. परंतु या उत्पन्नास मर्यादा आहे. प्रयोगाची जमीन विक्रीच्या पिकाखाली घालावी लागली, तर तो मूळ भांडवल खाण्याचाच प्रकार ठरेल.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. उसामागे कारखाना आहे. रब्बी ज्वारी, नाचणी, वरई यांच्यामागे वर्गणी देणारा कोणी नाही. म्हणून ज्या पिकांना स्वतःचा आधार मिळू शकतो, तेथे वर्गणीस उत्तेजन द्यावे आणि राज्याचा पैसा प्रथम कोरडवाहू व डोंगरी भागांतील पिकांकडे वळवावा.

खर्चाची रीत

रक्कम मंजूर होणे पुरेसे नाही. ती वेळेवर पोहोचली पाहिजे. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि खरिपाची पेरणी जूनमध्ये होते. मार्चमध्ये आलेल्या पैशाने त्या वर्षाचा खरीप साधत नाही. तसेच पगार भागले पण मजुरी, खत व विजेस काही उरले नाही, तर शास्त्रज्ञ असूनही प्रयोग होत नाही. पैदासकार निवृत्त होण्यापूर्वीच त्याच्या हाताखाली दुसरा तयार झाला पाहिजे. कारण कोणत्या रोपाचा मूळ वंश कोणता, हे ज्ञान सर्वस्वी कागदावर उतरत नाही.

ग्रामकार्यकर्त्यांचे व शेतकऱ्यांचे काम

१. शिफारस केलेला वाण गावात कसा उतरला, याची नोंद जमीन, पेरणीची तारीख व उत्पन्न यांसह ठेवावी.
२. नवा रोग किंवा कीड दिसताच नमुना जवळच्या संशोधन केंद्राकडे पाठवावा.
३. आपल्या शेतावरील चाचणीस एखादा तुकडा द्यावा व शेजारी नेहमीचा वाण तुलनेस ठेवावा.
४. गावच्या अडचणी लेखी कळवाव्या. चारही विद्यापीठांच्या संयुक्त कृषि संशोधन व विकास समितीपुढे शिफारशी येतात. त्यांचा आरंभ शेतकऱ्याच्या प्रश्नातून व्हावयास हवा.

संशोधनाची उपयुक्तता अशा नोंदींनी सिद्ध होते, आणि ज्याची उपयुक्तता सिद्ध आहे त्याची तरतूद कापणे सोपे जात नाही. शेतकरी टंचाईच्या वर्षीही बियाण्याची कणगी फोडीत नाही. राज्यानेही संशोधनाचा निधी तसाच राखावा.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. प्रयोगास एका हंगामाचा खंड पडला तर काय नुकसान होते?
२. सरळ वाणाच्या संशोधनाचा खर्च शासनाने का सोसावा?
३. आपल्या गावातील कोणत्या पिकामागे वर्गणी देणारी संस्था आहे व कोणत्या पिकामागे नाही?