हजेरीपटावरील आजारी शिपाई

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या तारखा असतात. शिपायाला ताप कधी आला, हे कोणी लिहीत नाही. वस्तुतः अठराव्या शतकातील फौजांत शत्रूच्या गोळीपेक्षा रोगानेच बहुधा अधिक माणसे मरत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील (१७७५-८३) जॉर्ज वॉशिंग्टन यांची फौज याचे बोलके उदाहरण आहे.

या फौजेच्या हजेरीपटात आजाऱ्यांचे दोन रकाने असत. ‘आजारी, हजर’ म्हणजे छावणीतच अंथरुणाला खिळलेला. ‘आजारी, गैरहजर’ म्हणजे रुग्णालयात किंवा अन्यत्र पाठविलेला. रजेवर गेलेल्यांची नोंद निराळी. आजाऱ्याला घरी पाठविणे हा मोठाच पेच होता. रजा दिली, तर शिपाई परतेलच याची खात्री नसे आणि त्याच्यासोबत रोगही गावी जाण्याचे भय असे. न द्यावी, तर दाटीवाटीच्या झोपडीत शेजाऱ्यालाही तोच रोग जडे.

सर्वांत भयंकर रोग देवीचा. १७७५-७६ च्या क्वेबेक मोहिमेत त्याने फौज खिळखिळी केली. सेनापती जॉन थॉमस हे स्वतः वैद्य. पण जून १७७६ मध्ये तेही देवीनेच गेले. घाबरलेले शिपाई चोरून टोचून घेत आणि त्यांच्यापासून इतरांना लागण होई. त्यामुळे वॉशिंग्टन यांनी आधी टोचण्यास मनाई केली होती. त्यांना स्वतःला १७५१ मध्ये बार्बाडोस बेटावर देवी येऊन गेल्या होत्या.

फेब्रुवारी १७७७ मध्ये त्यांनी निर्णय फिरविला आणि फौजेला टोचण्याचा हुकूम दिला. जेन्नरची लस १७९६ ची. तेव्हाचे टोचणे म्हणजे खऱ्या देवीचेच द्रव्य त्वचेत घालणे. त्यानेही काही जण दगावत, परंतु नैसर्गिक साथीच्या मानाने फार थोडे. टोचलेला शिपाई काही आठवडे निकामी होई. म्हणून हे काम शक्य तितके गुप्त ठेवले गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आजार टळत नाही, तेव्हा तो केव्हा यावा हे सेनापतीने ठरविले. अवेळी येणाऱ्या साथीऐवजी पहाऱ्यातली, ठरावीक मुदतीची आजारपणाची रजाच जणू त्याने दिली.

हा उपाय देवीपुरताच होता. १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्ज येथे एकही लढाई झाली नाही. तरी टायफस, हगवण इत्यादी रोगांनी सुमारे २००० माणसे दगावली. स्वातंत्र्याची किंमत मोजताना ही माणसेही हिशेबात धरली पाहिजेत.