पाळीआधीची सूज आणि किडनीची धास्ती

पाळी तोंडावर आली की अंगठी निघेनाशी होते, चप्पल रुतते, वजन किलोभर वाढतं. आणि मग किडनीची धास्ती. तपासलं तर किडनी बहुधा ठणठणीत असते. खेळ हार्मोन्सचा असतो. इस्ट्रोजेनमुळे रक्त थोडं पातळ असतानाच तहान लागते आणि पाणी अडवलं जातं. प्रोजेस्टेरॉन उलट किडनीला मीठ बाहेर टाकायला लावतं, पण शरीर लगेच अल्डोस्टेरॉन वाढवून ते परत धरतं. पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत हे पाणी लघवीवाटे उतरतं.

म्हणून पाणी तोडू नका. पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये तासाच्या वर अडकायचं, स्टेशनवरचं स्वच्छतागृह नको वाटतं, म्हणून सकाळपासून घोटभरही न पिणाऱ्या बायका नवी मुंबईत कमी नाहीत. आपल्या दमट उकाड्यात ते महागात पडतं. लघवीला जळजळ सुरू होते. तोडायचंच तर फरसाण, पापड, खारा बांगडा तोडा. मैत्रिणीने सांगितलेली लघवीची गोळी अजिबात नको. पोटदुखीवरच्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारख्या गोळ्याही मीठ-पाणी अडवतात; बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारूनच घ्या. गर्भनिरोधक गोळीत ड्रोस्पायरेनोन असेल तर पोटॅशियम वाढू शकतं. किडनीच्या रुग्णांनी ती टाळावी.

गरोदरपणात मात्र हिशोब बदलतो. किडनीची गाळण्याची क्षमता जवळपास निम्म्याने वाढते, त्यामुळे क्रिएटिनिन साधारण ०.४ ते ०.८ इतकं खाली येतं. रिपोर्टवर १.० आलं, शेजारी ठळक अक्षरांत काही छापलं नाही, की घरचे निर्धास्त होतात. पण तो छापील रकाना बहुतेकदा गरोदर बाईसाठी नसतो! नवव्या महिन्यात १.० दिसलं तर मी कारण शोधते. पायांची सूज या दिवसांत बऱ्याच जणींना येते. पण विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा वर, लघवीतून प्रथिनं, चेहऱ्यावर अचानक सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सातव्या महिन्याच्या ओटभरणीसाठी तपासणी पुढे ढकलू नका. प्रत्येक भेटीत बीपी आणि लघवी तपासायला सांगा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी मोफत होते. जाताना जुने रिपोर्ट सोबत न्या.